सोलापुरातल्या आमच्या हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सेफ्टी ऑफिसर (आरएसओ) कुणाच्या हाताखाली असावा, विभागप्रमुखांच्या की व्यवस्थापनाच्या?
थेट व्यवस्थापनाच्या, नोकरी रेडिओलॉजी विभागातली असली तरी सुरक्षेच्या बाबतीत आरएसओला परवानाधारकापर्यंत, म्हणजे बहुधा संचालकांपर्यंत, थेट जाता आलं पाहिजे. अणुऊर्जा (किरणोत्सार संरक्षण) नियम, 2004 प्रमाणे त्याची नेमणूक संस्था करते, पण एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) मान्यतेने. आणि धोकादायक प्रसंगाच्या अहवालाची प्रत एईआरबीलाही जावी लागते. टीएलडी बॅजच्या (कर्मचाऱ्याच्या अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणाऱ्या बिल्ल्याच्या) रिपोर्टमध्ये एखाद्या टेक्निशियनचा डोस वाढलेला दिसला आणि त्याची ड्युटी लावणारेच आरएसओचे साहेब असले, तर तो कागद फायलीत दबून राहू शकतो. असं होता कामा नये, कारण प्रश्न त्या टेक्निशियनच्या तब्येतीचा आहे. मात्र छोट्या एक्स-रे सेंटरमध्ये पात्रता असेल तर मालक डॉक्टर स्वतःच आरएसओ असू शकतात.