चांदीसाठी सोबत शोधताना

पत्र थोडक्यात: "ताई, मी नागपूरला राहते आणि बँकेत नोकरी करते. मुलगा दहावीत असताना हट्टाने सशाची एक पांढरी मादी घरी घेऊन आला. तिचे नाव चांदी, आणि ती आता तीन वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि तेव्हापासून चांदी पार बदलली. ती पिंजऱ्याचे गज चावते, रात्री मागचे पाय आपटते, तिचे खाणेही कमी झाले आहे. मागच्या आठवड्यात तर तिने स्वतःच्या गळ्याखालचे केस उपटून कोपऱ्यात त्यांचा ढीग केला. सासूबाई म्हणतात, नर आणा, जोडी होईल, पिल्लेही होतील. काटोलचे मामा शेतात सापडलेले सशाचे पिल्लू आणून देतो म्हणतात. यजमानांच्या मते तिला कुणाच्या तरी फार्महाउसवर सोडून द्यावे. मला मात्र तिच्याकडे पाहिले की अपराधी वाटते, आणि कधी कधी एकटी ती पडली आहे की मी, हेच कळत नाही. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळे पत्र त्या वाक्याभोवती फिरते आहे असे मला वाटले. एकट्या तुम्ही दोघीही पडला आहात. मात्र तुमच्या एकटेपणावरचा उपाय आणि चांदीच्या एकटेपणावरचा उपाय एकच नाही, आणि या दोहोंची गल्लत झाली तर घाईने एखादा ससा घरात येईल व त्याचा त्रास सर्वांत जास्त चांदीलाच होईल. म्हणून या पत्रात मी प्रामुख्याने चांदीबद्दल लिहिणार आहे.

जोडीदाराचा विचार करण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच असते, आणि "तिला करमत नाही" असे आपण ज्याला म्हणतो ते पुष्कळदा दाढांचे दुखणे निघते. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुरेसे गवत चावले गेले नाही तर दाढांना टोके येतात, ती जीभ आणि गाल सोलतात, आणि प्राणी खाणे कमी करतो. चांदीने सलग बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, कारण सशाचे आतडे थांबले की जीव जायला फार वेळ लागत नाही.

केस उपटण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मात्र ओळखीचे लक्षण आहे. ज्या मादीचे निर्बीजीकरण झालेले नाही, तिला नराचा सहवास नसतानाही खोटी गर्भधारणा होऊ शकते. अशा वेळी ती गळ्याखालचे आणि छातीवरचे केस उपटून घरटे करते, चिडचिडी होते, जवळ गेलेल्या हातावर धावून येते, आणि साधारण सोळा ते अठरा दिवसांत हे सगळे आपोआप ओसरते. म्हणजे मुलाच्या जाण्याने तिची घडी विस्कटली हे खरे असले, तरी केसांचा तो ढीग तुमच्या हातून काही चुकल्याचा पुरावा नाही. त्याबद्दलचा अपराधीपणा कृपा करून मनातून काढून टाका.

आता घरच्यांच्या सूचना पाहू. फार्महाउसवर सोडणे म्हणजे तिला मरायला सोडणे, हे यजमानांना स्पष्ट शब्दांत सांगा. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा कुत्री, मुंगूस, घार यांच्यापुढे काही दिवसही टिकत नाही. मामांचे मनही चांगलेच आहे, परंतु शेतात सापडतो तो रानससा, आणि तो चांदीच्या जातीचा प्राणीच नव्हे. पाळीव सशाची पिल्ले डोळे मिटलेली व बिनकेसांची जन्मतात, तर रानसशाची केसाळ आणि डोळे उघडलेली. या दोन प्राण्यांची जोडी जमत नाही आणि संकरही होत नाही. शिवाय रानसशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे त्याला पकडून घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. मामांना हेही सांगा, की शेतात एकटे दिसणारे पिल्लू सहसा पोरके नसते. त्याची आई शत्रूंचे लक्ष जाऊ नये म्हणून दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. ते होते तिथेच राहू द्यावे.

सासूबाईंची सूचना निम्मी बरोबर आहे. सशांना सशाचीच सोबत लागते, आणि मादीची जोडी नराशीच सर्वांत चांगली जमते. पण पिल्लांचा विचार मनात आणू नका. मादी सुमारे तीस-एकतीस दिवसांत विते आणि व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. पाच-सहा पिल्लांचे एक वेत झाले, की दोन-तीन महिन्यांत ती पिल्ले कोणाच्या घरी जाणार, हा प्रश्न तुमच्या दिवाणखान्यात येऊन बसेल.

म्हणून जोडीदार येण्याआधी दोघांचेही निर्बीजीकरण झालेले असावे, असे माझे ठाम मत आहे. चांदीच्या बाबतीत तर मी एकटेपणाचा प्रश्न नसता तरी हेच सुचवले असते, कारण निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तुमच्या शहरात सेमिनरी हिल्स परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथे, किंवा जवळच्या एखाद्या दवाखान्यात, सशांच्या शस्त्रक्रियांचा प्रत्यक्ष अनुभव असलेले डॉक्टर कोण आहेत याची चौकशी करा. कुत्र्या-मांजरांचा अनुभव येथे पुरेसा नसतो. डॉक्टरांची पारख करण्यासाठी एक प्रश्न उपयोगी पडेल: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिला उपाशी ठेवायचे का? सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहता कामा नये, म्हणून त्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. जे डॉक्टर "गवत शेवटपर्यंत चालू ठेवा" असे सांगतील, त्यांच्याकडे निर्धास्तपणे जा. चांदीला पूर्ण बरे होऊन शांत व्हायला काही आठवडे द्या. नराच्या बाबतीत तर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे त्याला कोणत्याही मादीजवळ सोडू नये, कारण तेवढा काळ त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.

नर कुठून आणावा? बाजारातून आणू नका, ही माझी विनंती आहे. तिथली पिल्ले पुष्कळदा आईपासून फार लवकर तोडलेली असतात, आणि त्या वयात नर-मादी ओळखण्यात विक्रेत्याचीच चूक होते. त्यापेक्षा बदली झाली, मुले मोठी झाली किंवा घरात कोणाला ॲलर्जी निघाली म्हणून ससा देऊन टाकू पाहणारी कुटुंबे शोधा. तुमच्या डॉक्टरांना अशी दोन-तीन घरे नक्की ठाऊक असतील. साधारण चांदीच्याच वयाचा, शांत स्वभावाचा नर निवडा, आणि जोडी न जमल्यास तो परत घेण्याची त्या कुटुंबाची तयारी आहे का, हे आधीच मोकळेपणाने विचारून ठेवा. गिनीपिग मात्र सोबतीला आणू नका. त्याची आहाराची गरज वेगळी असते, सशाच्या लाथेने तो जखमी होतो, आणि सशाला ज्याची बाधा जाणवत नाही असा जंतू त्याला गंभीर आजारी पाडू शकतो.

नवा पाहुणा घरी आला की पहिले दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि कानांच्या कडांवर, नाकावर किंवा पंजांवर खरजेच्या खपल्या दिसतात का ते पाहत राहा. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः या टप्प्यावर घाई केली होती. आमच्या जुन्या सशाच्या पिंजऱ्यात मी नवा ससा सरळ नेऊन ठेवला, आणि पाच मिनिटांत नव्याचा कान फाटला. माझा ससा दुष्ट नव्हता. त्याच्या घरात परका शिरला होता आणि तो आपले घर राखत होता, हे मला फार उशिरा उमगले. पुढे ते दोघे जन्मभर वेगवेगळ्या खोल्यांत राहिले, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते.

तुम्ही दोन पिंजरे शेजारी ठेवा, पण जाळीतून नाक चावता येणार नाही इतके अंतर मध्ये असू द्या. रोज एकाचे अंथरूण आणि लघवीचा ट्रे दुसऱ्याकडे ठेवा, म्हणजे परक्याचा वास हळूहळू घरचा होतो. गवत आणि कोथिंबीर दोघांनाही जाळीच्या कडेला, एकाच वेळी द्या. दोघे आपापल्या बाजूला जाळीलगत पाय पसरून निवांत पडू लागले, की समोरासमोर भेट घडवायला हरकत नाही. ही भेट चांदी कधीही गेली नाही अशा जागी व्हावी, उदाहरणार्थ पाहुण्यांच्या खोलीत किंवा गॅलरीत, आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरलेली असावी. गवताचा एकच मोठा ढीग, पाण्याची दोन भांडी आणि दोन्ही बाजूंनी उघडे असलेले एक-दोन पुठ्ठ्याचे खोके तिथे ठेवा, म्हणजे घाबरलेला प्राणी कोंडीत सापडत नाही. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

या भेटीत ते एकमेकांचा पाठलाग करतील, एकमेकांच्या पाठीवर चढतील, चिमूटभर केसही उडतील, आणि हे पाहून तुमचा जीव खाली-वर होईल. तरीही थांबा. मोठे कोण हे ठरवण्याची त्यांची ही रीत आहे, आणि निर्बीजीकरण झालेली मादीसुद्धा नराच्या पाठीवर चढते. मात्र कोणी डोक्याच्या बाजूने चढू लागले तर त्याला हलकेच बाजूला करा, कारण तिथून पोटाखाली चावा बसून गंभीर जखम होते. कान मागे दाबलेले, शेपटी ताठ, आणि दोघे एकमेकांना घट्ट चिकटून भोवऱ्यासारखे फिरत आहेत असे दिसले, तर ती लढाई समजा. लगेच जाड टॉवेल मध्ये टाका, हात घालू नका, आणि काही दिवस पुन्हा जाळीच्या टप्प्यावर या. उलट एकाने डोके खाली घालून दुसऱ्यासमोर बसावे आणि दुसऱ्याने त्याचे कपाळ चाटावे, हा सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर क्षण असतो. दोन दिवस आणि दोन रात्री भांडण न होता एकत्र गेल्यावरच त्यांना कायमचे एका जागी ठेवा. काही जोड्या आठवड्यात जमतात, काहींना दोन महिने लागतात.

दिवाळी तोंडावर आली आहे. फटाक्यांच्या आवाजाने ससे अक्षरशः गर्भगळीत होतात, म्हणून त्या आठवड्यात नवा प्राणी आणू नका. पण थंडी संपायच्या आत हे सगळे पार पाडा. नागपूरच्या मे महिन्यात त्यांना सांभाळणे हेच मोठे काम असते आणि तेव्हा ओळखीपाळखी करून देणे जमणार नाही. जागेचाही विचार आत्ताच करा. ब्रिटनमधील सशांसाठी काम करणाऱ्या संघटना एका जोडीसाठी किमान दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद मोकळी जागा सुचवतात. मुलाची खोली सध्या रिकामी आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्याला फोन करून विचारा. चांदीला त्यानेच आणले होते, तेव्हा हा निर्णय त्याला डावलून होऊ नये.

तोपर्यंतचे दोन-तीन महिने तुम्हीच तिची सोबत आहात, आणि ते तुम्हाला वाटते तितके अवघड नाही. तुम्ही बँकेत असता ते दुपारचे तास ससे बहुतेक झोपण्यात घालवतात. त्यांची जागी असण्याची, खेळण्याची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची असते, आणि मुलगा तिच्याशी खेळायचा तोही बहुधा संध्याकाळीच. त्या वेळी तासभर जमिनीवर बसा, तुमचे वाचन किंवा भाजी निवडणे तिथेच करा, तिला उचलू नका, हाकही मारू नका. मूठभर हरळी शेजारी ठेवा आणि ती आपणहून येईल तेव्हा येऊ द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. जोडीदार आल्यावर चांदी तुमच्याकडे आजच्याइतकी धावत येणार नाही, अशी बरीच शक्यता आहे. ती त्याच्या कुशीत पडून राहील आणि तुम्हाला दारातून ते पाहावे लागेल. त्या संध्याकाळी मोकळ्या झालेल्या तासाचे काय करायचे, याचा विचार आतापासून सुरू करा, आणि वाटले तर त्याबद्दल मला वेगळे पत्र लिहा. आज मात्र स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून चांदीचे वजन करा आणि तारखेसह कागदावर लिहून ठेवा. तिचे खाणे खरोखर किती कमी झाले आहे, हे डॉक्टरांना त्यावरूनच समजेल.

तुमची,
ताई