सदसद्विवेकबुद्धी: 'द'चा पाय मोडायचा की नाही?

कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: "२६ नोव्हेंबरच्या संविधान दिनासाठी शाळेच्या भिंतीवर संविधानातल्या अनुच्छेद २५ चा, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या हक्काचा, मथळा रंगवून घेतला. पेंटरनं 'सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' असं लिहिलं. एक पालक म्हणाले, शब्द चुकलाय. मी दोन पुस्तकं काढून बघितली, तर एकात असा आणि एकात तसा. बरोबर कोणता? आणि सातवीच्या मुलांना एवढ्या लांब शब्दाचा अर्थ सोप्यात कसा सांगू? नुसतं 'मन' म्हटलं तर चालेल का?"

बाई, पालकांचं बरोबर आहे. शब्द 'सदसद्विवेकबुद्धी' असाच. पहिला द पूर्ण, दुसरा पुढच्या 'वि'ला जोडलेला.

शब्द फोडून बघा. सत् म्हणजे खरं, चांगलं. असत् म्हणजे त्याच्या उलट. सत् पुढे स्वर आला की त् चा द् होतो. सत् आणि आचार मिळून सदाचार, सत् आणि इच्छा मिळून सदिच्छा. तसंच सत् आणि असत् मिळून सदसत्. 'असत्'मधला पहिला अ त्या द मध्ये जाऊन बसतो. द पूर्ण लिहिला तर तो अ जागेवर राहतो. द चा पाय मोडला की अ गळतो, आणि त्याच्याबरोबर अख्खं 'असत्' शब्दाबाहेर जातं. मग उरतं काय, तर सत् आणि सत्.

तेही व्याकरणात बसत नाही. सत् पुढे स आला तर त् तसाच राहतो. आपण सत्संग म्हणतो, सद्संग कुणी म्हणत नाही. पुढे ज आला तर त् चा ज् होतो, सत् आणि जन मिळून सज्जन. साताऱ्यातून परळीकडं निघालं की समोर दिसणाऱ्या सज्जनगडाच्या नावात हाच संधी आहे. 'सद्सद्' हे रूप मात्र कुठल्याही वाटेनं गेलं तरी तयार होत नाही.

मग चूक इतकी पसरली कशी? कानामुळं. आपण लिहितो 'गडबड' आणि म्हणतो 'गड्बड'. लिहितो 'अडचण', म्हणतो 'अड्चण'. मधला अ मराठी माणूस बोलताना गिळतो, आणि त्यात काही वावगं नाही. 'सदसद्' तोंडात 'सद्सद्' होतो आणि मग हात कानाचं ऐकून लिहितो. गडबड लिहिताना आपण ड चा पाय मोडत नाही ना? तोच नियम इथं लावायचा. मी साताऱ्यात बरीच वर्षं छापखान्यासाठी प्रुफं तपासली. हा शब्द निमंत्रणपत्रिकेपासून स्मरणिकेपर्यंत दहा ठिकाणी दुरुस्त केला असेल. दर वेळी लोक म्हणायचे, एका पायमोडीनं असं काय बिघडतं? माझं म्हणणं, इथं सगळंच बिघडतं.

कारण पुढचा शब्द आहे विवेक. आज तो 'शहाणपण' या अर्थानं वापरतात, पण त्याच्या मुळात वेगळं करणं आहे, निवडणं आहे. माझी आजी दुपारी सोप्यात बसून सुपात वाघ्या घेवडा निवडायची. लालसर, वर रेघांची नक्षी असलेले दाणे. किडका, सुरकुतलेला, खडा, मातीचं ढेकूळ ती बोटानं बाजूला सारायची आणि चांगला दाणा कडेनं मागं ओढायची. डोळे अधू झाल्यावर तर नुसत्या बोटांच्या स्पर्शानं. ते निवडणं म्हणजे विवेक. आता सुपात सगळे दाणे आधीच कुणीतरी निवडून, 'हेच चांगले' म्हणून ओतले असतील, तर आजीनं तिथं बसून करायचं काय? 'सद्सद्विवेक'मध्ये नेमकं तेच झालंय. चांगलं आणि चांगलं यातून निवडायला बुद्धी लागत नाही, आणि तिला स्वातंत्र्य द्यायचीही गरज पडत नाही.

मुलांना हे सूप दाखवा. शाळेत पोषण आहाराचं धान्य असतंच, मूठभर घेऊन बसवा त्यांना.

आता 'मन' चालेल का? एकटं नाही चालणार. मनात आलं, मन झालं, मनाला येईल तसं वागला, हेही मनच. पण मराठीत मनाचे काही वाक्प्रचार असे आहेत की ते या लांबलचक संस्कृत शब्दाचं काम रोज करतात. 'मनाला पटत नाही.' 'मन खातं.' 'मन ग्वाही देत नाही.' ग्वाही म्हणजे साक्ष, म्हणजे आपल्याच आत एक साक्षीदार बसलाय. आणि सगळ्यांत नेमका, 'जनाची नाही तर मनाची तरी'. इथं मन जनाच्या समोर एकटं उभं आहे. गाव काय म्हणेल ते एका बाजूला, आपल्याला काय पटलंय ते दुसऱ्या बाजूला. हिंदी संविधानात याच जागी 'अंतःकरण' आहे. मराठीत अंतःकरण कळवळतं, पिळवटतं, भरून येतं. ते निवाडा करत नाही. म्हणून आपल्या अनुवादकांनी उच्चाराला जड असूनही निवाड्याचा शब्द घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलांना सांगताना 'बरं-वाईट निवडणारं मन' म्हणा. भिंतीवर मात्र मूळ शब्दच ठेवा.

त्या मथळ्यात शब्दांचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, मग धर्माचं प्रकटीकरण, आचरण आणि प्रसार. धर्म नंतर येतो. आणि हक्क 'सर्व व्यक्तीं'ना आहे, फक्त नागरिकांना नाही. त्यामुळं जो कुठलाच धर्म मानत नाही, तोही या अनुच्छेदाच्या छायेत येतो. 'आम्ही कुठल्याच धर्माचे नाही अशी राजपत्रात नोंद करा' असं म्हणणाऱ्या काही अर्जदारांना शासकीय मुद्रणालयानं नकार दिला होता. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये तो नकार चुकीचा ठरवला. कुठलाही धर्म न मानणं हेही याच स्वातंत्र्यात येतं आणि अमुक धर्म लिहाच अशी सक्ती सरकारला करता येत नाही, असा तो निकाल आहे. असत् शब्दात राहिलं, म्हणूनच 'नाही' म्हणायला जागा राहिली.

तुम्ही शाळेत आहात म्हणून आणखी एक निकाल. केरळात यहोवाज विटनेसेस या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी नीट उभी राहायची, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. मुलं उभी राहून मान देत होती; न गाणं हा काही अपमान नव्हे, असं न्यायालयानं मानलं. तीही तुमच्या मुलांसारखी शाळकरी मुलंच. सातवीला हे सांगितलंत तर शब्द आपोआप कळेल.

'प्रसार'बद्दल १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, कारण त्या दुसऱ्यालाही त्याची सदसद्विवेकबुद्धी आहे. या निकालावर कायद्याच्या जाणकारांत अजून वाद आहेत, पण ज्याचं मन त्यानंच निवडायचं हा त्यातला धागा मला पटतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा या सगळ्यावर आहेच. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं, तो २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या मर्यादेतच बसतो. वारी, कीर्तन, हरिपाठ यांना त्यानं हातही लावलेला नाही.

आणि मुलांना साताऱ्याची एक गोष्ट नक्की सांगा. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. पुढं तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार सांगितला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं गेली. त्या काळात अनेक धर्मांची माणसं त्यांना बोलवत होती, ते वाचत होते, तोलत होते. अनुच्छेद २५ त्याच एकवीस वर्षांतला. विवेक म्हणजे निवडणं, आणि निवडायला वेळ लागतो, हे याहून चांगलं उदाहरण देऊन मला सांगता येणार नाही.

भिंत सगळी पुन्हा रंगवायची गरज नाही. ऑइलपेंट ओला असेल तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं, वाळला असेल तर पांढऱ्याचा एक बारीक फटकारा मारून, पहिल्या द खालची तिरपी रेघ तेवढी घालवा. दुसऱ्या द ला हात लावू नका, तो 'वि'ला धरून आहे.