दाराची काच फुटते, तडकत नाही

पावसाळा तोंडावर आला की गाड्यांच्या काचा बसवायच्या माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. काहींची काच फुटलेली असते. काहींची फुटलेली नसते, पण खाली गेलेली वर येत नाही. दोघांच्याही डोक्यात पुढच्या काचेचं गणित असतं आणि तेच ते दाराच्या काचेला लावून बघतात. या वेळच्या पत्रांतही तसंच दिसलं, म्हणून सगळे दाराचेच प्रश्न घेतले आहेत.

पुढच्या काचेवर खडा लागून पडलेली चांदणी मी मागच्या वर्षी भरून घेतली, आता दिसतही नाही. परवा ड्रायव्हरच्या दाराच्या काचेचा कडेचा टवका उडाला. तो भरून द्यायला दोन दुकानदार तयार नाहीत. नवी काच खपवायची म्हणून नाही म्हणतात का? (चिंचवड)

आमच्या धंद्यात खपवाखपवी चालते, नाही कशाला म्हणू? पण या बाबतीत दोघंही खरं बोलले.

तुमची पुढची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा थर. खडा बसतो तो बाहेरच्या काचेला. आतली काच आणि मधला थर शाबूत राहतो, म्हणून त्या चांदणीत रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा पारदर्शक डिंक, भरता येतं. दाराची काच बहुतेक गाड्यांत एकसंध असते, टफन्ड. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि भट्टीतून बाहेर येताच दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. वरची कातडी लगेच थिजते, गाभा मागाहून थंड होतो आणि आकसताना कातडीला आत ओढून धरतो. ही ओढाताण काचेत कायमची कोंडलेली राहते. हीच तिची ताकद आणि हाच तिचा घात. कातडी भेदून घाव गाभ्यापर्यंत गेला की सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि अख्ख्या काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. म्हणून चीर गेलेली टफन्ड काच तुम्हाला कुठल्याही दारात दिसणार नाही. ती एक तर आख्खी असते, नाही तर सीटवर सांडलेली असते.

तुमचा टवका अजून कातडीतच आहे, म्हणून काच उभी आहे. पण टफन्ड काच पोटावर दणका सोसते, कड मात्र तिची दुखरी जागा. भरून काही उपयोग नाही. आजच्या आज बदला असंही मी म्हणणार नाही. काच मागवून ठेवा आणि तोवर ती अर्धी उघडी ठेवून दार आपटू नका, कारण अर्ध्यावर असलेल्या काचेला वरून आधार नसतो आणि ती दारात थरथरते.

भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली. जवळपास कुणी नव्हतं. सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळतात, माझा संशय त्यांच्यावर आहे. काच आपोआप फुटते यावर माझा विश्वास नाही. (नागपूर)

वर लिहिलंय ते वाचलंत तर बसेल विश्वास. कडेला जुना टवका असेल, काच बसवताना स्क्रू किंवा पट्टी टोचत राहिली असेल, तर नागपूरच्या उन्हात तापून ती हात न लावता जाऊ शकते. क्वचित काच बनतानाच तिच्यात निकेल सल्फाइडचा बारीक कण अडकलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो आणि एक दिवस काच फोडतो. गाडीत चेंडू किंवा दगड सापडला का? नसेल तर पोरांना खेळू द्या.

माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी आहे. तिच्या दाराची काच कुठेच मिळत नाही. गावातला काचवाला म्हणतो, जाड काच मापात कापून देतो, खिडकीला बसवतो तशीच. चालेल का? (सातारा)

नाही चालणार, काका. त्या काचवाल्यालाही माझं नाव सांगून नाही म्हणा. घराच्या खिडकीची साधी काच फुटली की सुरीसारखी लांब पाती होतात, आणि दाराच्या काचेजवळ तुमची मान असते. टफन्ड काच आणून ती कापून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला एकदा कापायलाच सांगा. कटर खोल गेला की हातात चुरा उरेल. काच आधी कापून, कडा घासून, भोकं पाडून घ्यायची आणि मग टफन करायची, हा क्रम उलटा करता येत नाही.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, जुनी पण मूळची काच शोधणं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करा. जुन्या गाड्यांचे शौकीन एकमेकांना धरून असतात, त्यांनाही विचारा. जाताना डावी-उजवी, पुढची-मागची नीट लिहून न्या. डावीकडची काच उजवीकडे बसत नाही आणि हे घरी येऊन कळतं. दुसरी वाट, तुमच्या शाबूत दाराच्या काचेवरून कागदाचा साचा काढून टफन करणाऱ्या कारखान्यात करून घेणं. काच सपाट असेल तर काम सोपं. तिला बाक असेल तर एका नगासाठी फारसं कुणी तयार होत नाही.

विमा कंपनीने बसवून दिलेल्या नव्या काचेवर गाडीच्या कंपनीचं नाव नाही. शिवाय गॉगल घातला की तिच्यावर काळसर ठिपक्यांच्या रांगा दिसतात. डुप्लिकेट माल मारला का? (ठाणे)

ठिपके दिसतात हे चांगलं लक्षण आहे! तुमचा गॉगल पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारा असणार. काच थंड करताना हवेचे झोत जिथे जिथे बसले तिथे ताण थोडा वेगळा असतो, आणि तो फरक अशा गॉगलमधून ठिपक्यांसारखा दिसतो. म्हणजे काच खरोखर टफन केलेली आहे. मागची मोठी काच बघा, तिथेही दिसतील. पुढच्या काचेवर तशा रांगा दिसणार नाहीत. (साताऱ्याच्या काकांनी कुर्ल्याला जाताना असा एक गॉगल खिशात ठेवायला हरकत नाही.)

नावाचं म्हणाल तर गाडीची कंपनी स्वतः काच बनवत नाही. असाही इंडिया, सेंट-गोबेन असे काच बनवणारे वेगळे. सेंट-गोबेनचा कारखाना तर आमच्या चाकणलाच आहे. शोरूमच्या काचेवर गाडीच्या कंपनीचं नावही छापलेलं असतं, बाहेरच्या बाजारात त्याच कारखान्याची काच त्या नावाशिवाय येते. कोपऱ्यातला शिक्का वाचा. बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयची खूण, मानकाचा आकडा 2553 आणि टफन्ड किंवा टेम्पर्ड हा शब्द तिथे असतो. ज्या काचेचा कोपरा कोरा, ती मी स्वतःच्या गाडीला लावणार नाही.

काच बदलल्यापासून पाऊस पडला की दारात पाणी जातं. पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. फिटर म्हणतो काच एकदम फिट आहे, मी म्हणते फटीतून पाणी जाताना दिसतंय. खरं कोण? (रत्नागिरी)

ताई, दोघंही खरे आहात, आणि चूक फिटरची आहे.

दारात पाणी जाणं हा बिघाड नाही, दार तसंच बनवलेलं असतं. काच वर-खाली व्हायची तर तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये जागा हवीच. बाहेरची रबरी पट्टी काच पुसते, पाणी अडवत नाही. ते पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाशी असलेल्या भोकांतून रस्त्यावर पडतं. खाली वाकून दाराची खालची कड बघा, बोटाच्या पेराएवढ्या फटी दिसतील.

मग मॅटिंग का भिजलं? दाराचा पत्रा आणि आतलं पॅड यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा कागद असतो. काळ्या, च्युइंगगमसारख्या चिकट डिंकाने तो चहूबाजूंनी पत्र्याला चिकटवलेला असतो. दाराच्या पोटातलं पाणी गाडीत येऊ न देणारी भिंत म्हणजे तो कागद. काच बदलायची तर पॅड काढावं लागतं आणि कागद सोलावा लागतो. घाईत तो फाटतो, डिंकाला धूळ लागते, मग फिटर वरून पॅड ठोकून मोकळा होतो. पॅड लागलं की आत काय केलंय ते कुणाला दिसतंय?

मीही हे केलेलं आहे. नवीन होतो तेव्हा एका गाडीला फाटका कागद खाकी चिकटपट्टीने लावून दिला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, एक शब्द बोललं नाही, पायाखालचं मॅटिंग उचललं आणि दुकानाच्या फरशीवर पिळलं. तेव्हापासून डिंकाची गुंडाळी गल्ल्याशेजारीच असते.

फिटरला काच काढायला लावू नका, पॅड काढायला लावा. कागद फाटका असेल तर नवा आणि डिंक तर नवाच. पॅड बसवायच्या आधी काचेच्या बाहेरून दोन तांबे पाणी ओता. ते तळाच्या भोकांतून पडलं पाहिजे आणि आतला कागद कोरडा राहिला पाहिजे. दार हलवल्यावर खळखळ आवाज आला तर भोकं चिखलाने किंवा जुन्या काचेच्या तुकड्यांनी बुजली आहेत.

काच फुटली की खिडकीची मशीनही बदलावीच लागते असं सांगितलं. आणि नवी काच 24 तास खाली करायची नाही, हे खरं का? (नाशिक)

काच फुटली म्हणून मशीन जात नाही. दाराच्या पोटात पडलेले तुकडे व्हॅक्यूमने नीट काढले नाहीत, एखादा तुकडा मशीनच्या तारेत अडकला आणि तुम्ही बटण दाबत राहिलात, तर मात्र जाते. म्हणून काच फुटल्यावर त्या दाराच्या बटणाला हात लावायचा नाही. काच हळू चढते म्हणूनही लोक मोटर बदलतात. निम्म्या वेळा दोष चौकटीतल्या रबराचा असतो, त्यात धूळ बसून ते कोरडं पडलेलं असतं. पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं आणि धूळ आणखी धरते.

24 तासांची गोष्ट चिकटवलेल्या, म्हणजे पुढच्या काचेची. दाराची काच बहुधा नट-बोल्टने किंवा चिमट्यात धरलेली असते, ती लगेच चालवा. एका झटक्यात वर जाणारी खिडकी अर्ध्यावर अडखळायला लागली तर बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की तिला आपली हद्द पुन्हा उमजते.

एका काचेसाठी विम्याचा क्लेम करावा का? काचेवर घसारा कापतात म्हणे. (कोल्हापूर)

प्लास्टिक-रबरावर कापतात, काचेवर नाही. नेहमीच्या पॉलिसीत काचेचा घसारा शून्य असतो. पण 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये तुमच्या खिशातून जातात, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही सहसा हातची जाते. तो बोनस 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जातो. छोट्या गाडीच्या एका दाराच्या काचेसाठी 50 टक्क्यांवर पाणी सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. आधी बिलाचा अंदाज घ्या, मग एजंटला फोन करा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही. क्लेम करणारच असाल तर काच झाडण्याआधी फोटो काढा, आणि चोरीसाठी फोडली असेल तर पोलिसांत तक्रार करा.

काचेवर चिकटवायच्या काळ्या फिल्मवर बंदी आहे, मग नवी काच बसवतानाच काळी बसवली तर? (पनवेल)

पळवाट चांगली आहे, पण नियम काचेलाही लागू आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि दारांच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. फिल्मवर बंदी घालणाऱ्या 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते प्रकरण पुन्हा हललं आहे, 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरलेल्या मर्यादेतली फिल्म चालते असं म्हटलं. तुमच्या मनातली गडद काळी काच ना काचेच्या नियमात बसते, ना फिल्मच्या.

गाडी पाण्यात अडकली तर सीटचं डोकं, म्हणजे हेडरेस्ट, काढून काच फोडायची, त्या दांड्या त्यासाठीच असतात, असं सगळे सांगतात. (मुंबई)

त्यासाठी नसतात. दांड्या असतात डोक्याची उंची कमी-जास्त करायला. घाबरलेल्या माणसाने पाण्याने भरत चाललेल्या गाडीत ते डोकं उपसायचं, ही कल्पना खुर्चीत बसून सुचलेली आहे. आधी बेल्ट सोडा आणि काच खाली करा. पाणी चढत असलं तरी सुरुवातीला मोटर बहुधा चालते. नाहीच झाली तर टोकदार हातोडीने दाराच्या काचेचा कोपरा मारा, मधोमध नाही. पुढच्या काचेच्या नादी लागू नका, मधला थर ती सोडत नाही.

आणि एक गोष्ट आजच करा. काही नव्या गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांनाही दुहेरी, लॅमिनेटेड काच देतात. ती हातोडीने तडकते, पण जागची हलत नाही. कोपऱ्यातला शिक्का वाचा. पुढच्या दारावर लॅमिनेटेड लिहिलेलं असेल तर मागच्या दाराचाही वाचा, तिथे बऱ्याचदा टफन्ड असते, आणि बाहेर पडायची वाट तीच. हातोडी डिकीत ठेवू नका, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.