आधी क्लॅम्प बघा, कार्डाचं नंतर

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं रडगाणं कुणीतरी पुन्हा टाकलंय की काय असं वाटलं. पाण्याचा ग्लास, शेजारी पितळी कडं, खाली मठ्ठ करडी सावली, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडर इंजिनमध्ये 4096 सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) देऊनही कॉस्टिक्सचा, म्हणजे काच-धातूने एकवटलेल्या उजेडाच्या लखलखत्या रेषांचा, पत्ता नाही, आणि शेवटी "नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?" घेऊ नका. निदान एवढ्यासाठी तरी नको.

काचेचा आयओआर (अपवर्तनांक) 1.5, पाण्याचा 1.33, पृष्ठभागांचे नॉर्मल (लंब दिशा) बाहेरच्या बाजूला, कॉस्टिक्सचे दोन्ही टिक चालू, हे तुम्ही केलेलंच असणार. मला एकच सांगा, इनडायरेक्ट क्लॅम्प, म्हणजे उसळून आलेल्या एका किरणाच्या उजेडावरची कमाल मर्यादा, किती आहे?

माझा 1 होता. मुळात तो 10 असतो. फायरफ्लाय (भलतेच उजळ सुटे ठिपके) घालवायला कुठल्याशा व्हिडिओत बघून मी तो 1 केला, स्टार्टअप फाइलमध्ये सेव्ह केला आणि साफ विसरलो. पुढचे तीन आठवडे सॅम्पल दुप्पट, चौपट करत बसलो. सॅम्पल चौपट केल्यावर नॉइज (चित्रातले दाणे) निम्मा होतो, हा हिशोब पाठ होता, त्यामुळे धीरही धरला. सावली गुळगुळीत होत गेली, पण उजळली मात्र नाही.

कारण नंतर कळलं. साधा पाथ ट्रेसर (सायकल्स त्यातलंच) किरण कॅमेऱ्याकडून सोडतो. टेबलावरून थेट दिव्याकडे सोडलेला शॅडो रे (दिवा दिसतो का ते तपासणारा किरण) काचेवर अडतो, म्हणून किरण काचेतून वाकून चुकूनमाकून दिव्याला लागेल तेवढाच उजेड जमेत धरला जातो. समजा, हजारातले दोनच किरण लागले आणि प्रत्येकाने 500 आणले. सरासरी 1, म्हणजे झकास उजळ रेष. आता क्लॅम्प 1 ठेवा. तेच दोन किरण एकेकच आणतात, सरासरी 0.002. मग हजाराऐवजी दहा लाख सॅम्पल द्या, उत्तर 0.002च. ज्याला आपण फायरफ्लाय म्हणून हाकलतो ना, तोच इथे कॉस्टिकचा कच्चा माल असतो.

या काळात मी एका रेंडर फार्मच्या, म्हणजे पैसे घेऊन रेंडर करून देणाऱ्या सेवेच्या, मदत कक्षाला (नाव घेत नाही) पूर्ण फाइलसकट तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सॅम्पल वाढवा." बिल रेंडरच्या तासांवर होतं, हे जाता जाता सांगतो. फाइल उघडून सेटिंग बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिसऱ्या उत्तरानंतर त्यांनी तक्रारीवर "निराकरण झाले" असा शिक्का मारून टाकला. असो. अजून राग येतो.

तर क्लॅम्प 0 करा. 0 म्हणजे बंद. फिल्टर ग्लॉसी (चकचकीत परावर्तनं धूसर करणारी सेटिंग) 1 असेल तर तोही खाली आणा, तो कॉस्टिक पसरट करतो. दिव्याची त्रिज्या 0 असेल तर मात्र सगळंच व्यर्थ, बिंदूला योगायोगाने किरण लागणार तरी कसा? सूर्यसुद्धा आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो.

यानंतर दाणे भयंकर वाढतील. ग्लाससाठी उपाय आहे. ब्लेंडर 3.2 पासून, म्हणजे 2022 पासून, सायकल्समध्ये शॅडो कॉस्टिक्स ही सोय आहे, ती काचेच्या सावलीतलं कॉस्टिक काढते. दिवा, काच आणि टेबल तिन्हीकडे वेगवेगळे टिक लागतात, एक राहिला की काही दिसत नाही. काचेला शेड स्मूथ (पृष्ठभाग गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) हवंच. पण हे फक्त अपवर्तनाचं काम करतं. कड्याच्या आतल्या भिंतीवरून परावर्तित होऊन पडणारी ती टोकदार वक्र रेघ यातून मिळणार नाही.

कड्यासाठी माझं मत (पटलं नाही तर सोडून द्या, मी प्रॉडक्ट रेंडर करणारा माणूस, गणिती नाही) सरळ लक्सकोअर हे दुसरं रेंडर इंजिन वापरा, बायडायरेक्शनल (कॅमेरा आणि दिवा दोन्हीकडून किरण) किंवा फोटॉन कॅश (दिव्याकडून सोडलेले उजेडाचे कण साठवणं). त्यामागचं जेन्सन यांचं फोटॉन मॅपिंग तंत्र 1996 पासूनचं आहे, पण धातूच्या कॉस्टिकला अजूनही कामाला येतं. फोटॉन शोधायची त्रिज्या मोठी ठेवलीत तर रेघ धूसर होते, एवढंच सांभाळा. कॉस्टिकच काचेआडून बघायचं असेल, उदाहरणार्थ पाण्याच्या तळाशी, तर नुसतं बायडायरेक्शनलही गळपटतं; तिथे फोटॉनच.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. पाणी आणि काच यांच्यात हवेची फट ठेवू नका, पाण्याचा मेश (आकाराची जाळी) काचेत किंचित घुसवा. फट राहिली की पाण्याच्या कडेला चंदेरी झिलई येते आणि माणूस मटेरियलला दोष देत बसतो.

डिनॉइझर सध्या बंदच ठेवा, विरळ दाणे तो पुसून किंवा फासून टाकतो. क्लॅम्प 0, सॅम्पल 200, अशी एक कच्ची फ्रेम इथे टाका, सोबत दिव्याची त्रिज्याही लिहा. दाणे काचेच्या सावलीत रेषेने जमतायत की सगळीकडे विखुरलेत, ते बघितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.