पावसात कसारा घाटात गाडी घसरते. टायरमधली हवा कमी केली तर पकड वाढेल का?

नाही, उलट आहे ती पकडही जाईल. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकलं जात नाही. कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवा, टायर थंड असताना भरा.

आधी खाचेत डोकावून बघा. तळाशी छोटा आडवा उंचवटा दिसेल, १.६ मिमीचा. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नाशिकहून रोज इगतपुरीच्या पावसात उतरणार असाल तर ३ मिमीलाच बदला. मी तरी तेच करतो.

पाण्यावर स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चाकं सरळ ठेवा.