पट १४, इयत्ता पाच, शिक्षक एक

(वाडीवस्तीच्या शाळांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना एका निवृत्त केंद्रप्रमुखांची उत्तरं.)

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते पाचवी, पट १४. दुसऱ्या शिक्षकांची आंतरजिल्हा बदली झाली, जागा रिकामीच आहे. पहिलीला घेऊन बसले की पाचवी दंगा करते, पाचवीला भागाकार द्यायला गेले की पहिली खिडकीत. त्यात रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची. चौथीतल्या दोघांना साधा उताराही वाचता येत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, जि. रत्नागिरी

उत्तर : बाई, भिंतीवरचं वेळापत्रक आधी काढून ठेवा. पाच इयत्ता आणि त्यांचे सगळे विषय एकट्या माणसाने तासिकांत बसवले, तर एकेका मुलाला दिवसातून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं बाई मिळतात. उरलेला वेळ ‘पान बावीस लिहून काढ’. शाळेत खडू-तक्त्यांची टंचाई असेलही, पण खरी टंचाई तुमच्या वेळेची आहे. तो कुठे जातो ते आधी बघू.

येत्या दोन दिवसांत एकेका मुलाला जवळ घेऊन वाचून घ्या. अक्षर, शब्द, चार ओळींचा सोपा उतारा, मग छोटी गोष्ट. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत हीच उतरंड वापरतात. कोण कुठे अडतो ते वहीत लिहा, त्याची इयत्ता लिहू नका. चौदा मुलांचं हे काम तुम्ही सहज उरकाल. साठ मुलांच्या वर्गातल्या शिक्षकाला ते आठवडाभर पुरेल, आणि लहान शाळेचा हा फायदा आपण कधी मोजतच नाही.

आता मुलांचे तीन गट करा. अक्षर-शब्दवाले एकत्र, उतारावाले दुसरीकडे, सफाईने वाचणारे तिसरीकडे. तुमचे चौथीतले दोघे दुसरीच्या मुलांबरोबर बसतील. बसू द्या. पालक कुरकुर करतील, त्यांना शाळेत बोलावून मुलाचं वाचन ऐकवा. परिपाठ झाला की रोजचे पहिले दीड तास या गटांचे. अर्धा तास तुम्ही एका गटाजवळ जमिनीवर बसायचं, तेवढ्यात दुसरा जोडीने वाचेल, तिसरा लिहील. सफाईने वाचणाऱ्यांना मात्र फुकटचे मदतनीस करू नका. हुशार पोरगी वर्षभर पहिलीला शिकवत राहते आणि तिचं स्वतःचं गणित तिथेच राहतं, हे मी बऱ्याच शाळांत बघितलं आहे.

‘प्रथम’ संस्थेने ही स्तरानुसार शिकवण्याची पद्धत देशभर नेली. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तिची तपासणी शास्त्रशुद्ध प्रयोगांनी केली होती. ‘असर’ २०२४ प्रमाणे देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २३.४ टक्के होती. तेव्हा तुमचे ते दोघे एकटे नाहीत.

गणितालाही हेच. वजाबाकीत हातचा अडला की पुस्तक मिटा आणि हिराच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्या. ४२ मधून १७ काढताना गठ्ठा सोडावा लागला की हातचा कळतो. हिर तुमच्याकडे नारळाच्या झावळ्यांतून फुकट मिळतात. साहित्याच्या नावाखाली बाजारचे चकचकीत संच घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळा मला माहीत आहेत.

दुपारी वर्गजोड करा : पहिली-दुसरी एका बाजूला, तिसरी ते पाचवी दुसऱ्या बाजूला. परिसर अभ्यासाला एकच विषय सगळ्यांना देता येतो. समजा ‘पाणी’. लहानगे शाळेमागच्या व्हाळाचं (ओढ्याचं) चित्र काढतील, तिसरी-चौथी वाडीत कुणाची विहीर कधी आटते ते विचारून येईल, पाचवी त्याचा तक्ता करील.

मुलांनी आपलं आपण काम उचलावं यासाठी आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेचं उदाहरण बघा. तिथे रमा आणि पद्मनाभ राव यांनी खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठी पाठ्यपुस्तक फोडून त्याची छोटी छोटी कार्डं केली आणि ती शिडीसारख्या क्रमाने लावली. मूल आपली पायरी शोधतं, कार्ड घेतं, अडलं तर शिक्षकाकडे येतं. तमिळनाडूने पुढे ही पद्धत सरकारी शाळांत नेली. तुम्ही सगळं पुस्तक फोडायला जाऊ नका, जीव जाईल. मराठीचे दोन पाठ आणि वजाबाकी, एवढ्याचीच कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर करून बघा.

राहिली रिकामी जागा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. ही मागणी तुम्ही एकट्याने करू नका, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या सह्यांना वजन असतं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत, असं त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं. (बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम निवडणुकीत मोडतं, त्यामुळे तिथे सुटका नाही!) ऑनलाइन माहितीला मात्र मुलं घरी गेल्यावरच हात लावा. सकाळच्या दीड तासात मोबाइल कपाटात.

प्रश्न : आमच्या वाडीच्या शाळेचा पट सहावर आला आहे. शाळा बंद करून मुलांना समूह शाळेत नेणार असं ऐकतो. विरोध करावा का?
– शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, ता. राजापूर

उत्तर : २०२३ मध्ये शासनाने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हापासून ही धास्ती आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात तेव्हा चौदा हजारांवर होत्या. कोकणात नकाशावरचं दोन किलोमीटर अंतर पावसाळ्यात साकव बुडाला की भलतंच होतं, आणि पहिलीतलं पोर गाडी चुकली की घरीच राहतं. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा निकष आहे. या मुद्द्यांवर जरूर भांडा.

पण अध्यक्ष, एक कटू गोष्टही ऐका. सहा मुलांत वयाचा सोबती नसतो, कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, आणि कंटाळलेलं मूल शिकत नाही. म्हणून शेजारच्या वाडीच्या शाळेशी बोला आणि आठवड्यातला एक दिवस दोन्ही शाळा एकत्र भरवा, केंद्रप्रमुखांना सांगून. खेळ, नाटुकली, गटाचं वाचन त्या दिवशी घ्या. आणि समितीतल्या किती जणांची मुलं खासगी इंग्रजी शाळेच्या गाडीने जातात, तेही पुढच्या सभेत विचारा.

प्रश्न : आमचं मुंबई मंडळ यंदा गणपतीत गावच्या शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही देणार आहे. काही सुचवाल?
– एक चाकरमानी, नालासोपारा

उत्तर : टीव्ही नको. पावसात वीज दिवसभर जाते, आणि असते तेव्हा बिल कोण भरतं ते आधी शाळेला विचारा. ३० पर्यंत पटाच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून मिळणाऱ्या वार्षिक अनुदानाची मर्यादा दहा हजार आहे आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. टीव्हीच्याच पैशात पुस्तकं घ्या, कमी पानांची, चित्रांची, एकेका मुलाला वर्षभर पुरतील इतकी. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी भरा. उरलेल्या रकमेतून गळकी कौलं बदला, कारण पागोळी वहीवर पडत असेल तर मूल लिहायला बसत नाही. पुस्तकं कपाटात न ठेवता दोरीवर टांगायची, आणि फाटली तरी कुणी ओरडायचं नाही, अशी अट मंडळाने देणगीपत्रातच घालावी.