सात जणांचा कोड ठेवायचा कुठे?

प्रश्न : आम्ही सात प्रोग्रॅमर आणि एक डिझायनर. कोड एका सामायिक फोल्डरमध्ये असतो आणि रोज संध्याकाळी मी त्याची तारखेची झिप करून ठेवतो. मागच्या महिन्यात दोघांनी एकच फाइल उघडली आणि एकाचं दोन दिवसांचं काम पुसलं गेलं. तेव्हापासून गिटहब, गिटलॅब की स्वतःच्या सर्व्हरवर गिटिया, असा वाद चालू आहे. दोन जुने सहकारी म्हणतात, सबव्हर्जनच बरं. काय निवडावं?

उत्तर : तुमच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. बदलांचा इतिहास कोणत्या साधनाने ठेवायचा, गिट की सबव्हर्जन, हा एक. तो इतिहास कुणाच्या सर्व्हरवर ठेवायचा, हा दुसरा: गिटहब आणि गिटलॅब गिटचा इतिहास त्यांच्या सर्व्हरवर ठेवतात, गिटिया आपल्या. पहिला पटकन सुटतो, दुसऱ्यावर मात्र नीट विचार करा.

पहिल्याचं उत्तर गिट. तुमचे जुने सहकारी चुकीचं बोलत नाहीत. पुसलेलं ते काम सबव्हर्जननेही वाचवलं असतं. दोघांनी एकाच ओळीला हात लावला, तर दोन्ही साधनं दुसऱ्याला अडवतात आणि दोन्ही मजकूर समोर ठेवून 'यातलं कोणतं?' असं विचारतात. फरक असा की सबव्हर्जनमध्ये इतिहास सर्व्हरवर राहतो, गिटमध्ये तो प्रत्येकाच्या मशिनवर पूर्ण उतरतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, ते लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मंडळी वापरत होती त्या बिटकीपर या इतिहास ठेवणाऱ्या साधनाची फुकट वापराची मुभा काढून घेतली गेली म्हणून. एका सर्व्हरवर किंवा एका कंपनीवर सगळं अवलंबून असू नये, हे गिटच्या घडणीतच आहे, आणि माझ्या अनुभवात याच गोष्टीने आम्हाला तारलं.

आम्ही सहा जण होतो. ऑफिसातल्याच एका मशिनवर आमचा कोड-सर्व्हर होता, आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. एका सकाळी त्याची डिस्क गेली. बॅकअपची स्क्रिप्ट रोज रात्री चालत होती, लॉगमध्ये एकही चूक नव्हती. बॅकअप उघडला तर आत रिकामं फोल्डर. मधे कधीतरी डिस्कचा माउंट पाथ, म्हणजे तिच्यापर्यंतचा पत्ता, बदलला होता आणि स्क्रिप्ट इमानेइतबारे रिकाम्या जागेची प्रत काढत राहिली होती. सकाळीच ताजं फेच केलेल्या, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल उतरवून घेतलेल्या, एका सहकारी मुलीच्या लॅपटॉपवरून दुपारपर्यंत सगळा कोड परत उभा राहिला. पण दोन वर्षांच्या इश्यूज (कामांच्या आणि तक्रारींच्या नोंदी) आणि रिव्ह्यूमधल्या (एकमेकांचा कोड तपासतानाच्या) चर्चा गेल्या. कराची रक्कम आम्ही अमुकच पद्धतीने का पूर्णांकात आणतो, याचं कारण एका रिव्ह्यूच्या कॉमेंटमध्ये होतं. ते पुन्हा शोधायला आठवडा गेला. त्या कॉमेंट्स गिटमध्ये नव्हत्याच, त्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये होत्या.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, आणि ऐन वेळी त्यांच्या बॅकअपच्या बहुतेक वाटा बंद निघाल्या. कोड शाबूत राहिला, सुमारे सहा तासांच्या इश्यूज, कॉमेंट्स वगैरे नोंदी मात्र गेल्या. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं.

तेव्हा तुम्हाला माझा सल्ला : सर्व्हर स्वतः चालवू नका. गिटहब किंवा गिटलॅबवर खासगी रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाची कोठी, उघडा. तुम्हा आठ जणांना मोफत योजना मात्र पुरणार नाही: गिटलॅबवर तीत खासगी गटात पाचच जण बसतात, आणि गिटहबवर तीत खासगी रिपॉझिटरीला खाली सांगितलेली मेन ब्रँचची बंदी घालता येत नाही. पुढे कधी स्वतःच्या सर्व्हरवर जावं लागेल असं वाटत असेल तर गिटलॅब घ्या, कारण त्याची मोफत आवृत्ती आपल्या मशिनवर बसवता येते. नाहीतर गिटहब. यावर आणखी एक मीटिंग घेऊ नका. गिटिया मला मनापासून आवडतं, ते हलकं आहे, छोट्या मशिनवरही चालतं. पण कोड बाहेर ठेवायला ग्राहकाची करारातच मनाई असेल तरच ते घ्या, आणि मग दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून कालची इश्यू उघडते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जागा कोणतीही असो, पहिल्याच दिवशी मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य धारेवर, थेट पुश (बदल सर्व्हरवर चढवणं) आणि फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास हटवून आपला बसवणं) बंद करा. सगळ्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं करा. अॅडमिन दोन जण ठेवा, कारण एकच असला आणि तो नोकरी सोडून गेला, तर आपल्याच कोडच्या दाराशी आपण अडकतो. शिवाय आठवड्यातून एकदा मिरर क्लोन, म्हणजे सगळ्या ब्रँचसकट पूर्ण प्रत, करून वेगळ्या जागी ठेवा.

डिझायनरचा विचार तुमच्या वादात कुठेच दिसला नाही. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आणि चित्रांच्या मूळ फायलींमधले दोघांचे बदल आपोआप एकत्र करता येत नाहीत. त्यांच्यासाठी गिट एलएफएस, म्हणजे मोठ्या फायली वेगळ्या ठेवणारी गिटची जोड, लावा. त्यात 'ही फाइल सध्या माझ्याकडे आहे' असं लॉक करता येतं. तुमच्या सबव्हर्जनवाल्या सहकाऱ्यांना लॉकची सवय असणार, तेव्हा हे काम त्यांच्याकडेच द्या.

आणि त्या झिप फेकू नका. दर महिन्याची एक निवडा, जुनीपासून क्रमाने उघडा आणि मूळ तारखेनिशी एकेक कमिट करा, म्हणजे इतिहासात नोंदवा. एखादा दिवस जाईल, पण एखादी ओळ कोणत्या महिन्यात आली हे पुढे कायम सांगता येईल.

प्रश्न : डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट होऊन पुश झाला. लगेच पुढच्या कमिटमध्ये काढला. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. मागच्या कमिटमध्ये तो जसाच्या तसा आहे आणि क्लोन केलेल्या प्रत्येकाकडे पोचला आहे. हे वाचून झालं की आधी पासवर्ड बदला. इतिहासातून तो गिट फिल्टर-रेपो या इतिहास पुन्हा लिहिणाऱ्या साधनाने काढता येतो, पण त्यात पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात आणि प्रत्येकाला नव्याने क्लोन करावं लागतं. पासवर्ड बदलला असेल, तर एवढा खटाटोप मी सहसा करत नाही.